औषध मारलेलं खाणं: बाजारापासून विळीपर्यंत काय करायचं

आमच्या घरी हापूसची दीडशे कलमं आहेत, त्यामुळे या विषयावर मी सोवळं नेसून बोलू शकत नाही. मोहोर फुटायला लागला की मागीलदारी डबे येतात, पंप घरघरू लागतो आणि दोन दिवस विहिरीवर जाताना नाकाला पदर लावावा लागतो. त्याच आठवड्यात मी बाजारात उभी राहून भेंडीवाल्या मावशींना विचारत असते, ‘औषध कधी मारलंत?’ पिकावर फवारतात त्या कीडनाशकाला-बुरशीनाशकाला आपल्याकडे विष कोणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. मीही या लेखात तोच शब्द वापरणार आहे.

शेत आणि स्वयंपाकघर या दोन्ही बाजूंनी पाहत आल्यामुळे माझ्या घरात एक रीत बसली आहे. ती सांगते. घाबरून भाजीच बंद करणारे लोक मला पटत नाहीत आणि ‘शिजलं की सगळं जातं’ म्हणणारेही पटत नाहीत.

आधी एवढं कळलं पाहिजे

औषधं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या नि फळाच्या पृष्ठभागावर बसणारं. टोमॅटोवर करप्यासाठी मारतात ते मॅन्कोझेब किंवा आंब्याच्या पालवीवर मारतात ते डेल्टामेथ्रीन या जातीचं. दुसरं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात उतरणारं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्यातली. पहिल्याला पाणी आणि हाताची चोळणी पुष्कळ पुरते. दुसरं आत गेलं की नळाखाली तासभर धरलं तरी आतलं आतच राहतं. त्याला एकच उतारा आहे, दिवस. फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस गेले तर झाड आणि ऊन मिळून ते मोडून टाकतात.

हे दिवस औषधागणिक आणि पिकागणिक वेगळे असतात. १७.८ टक्क्यांचं इमिडाक्लोप्रिड भेंडीवर मारलं तर ३ दिवस थांबायचं, आंब्यावर मारलं तर ४५ दिवस. डब्याबरोबर जी घडी घातलेली पत्रिका येते तिच्यात हे छापलेलं असतं. अक्षर इतकं बारीक की आमच्या भाऊजींना मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. कुठल्या खाद्यपदार्थात कुठल्या औषधाचा किती अंश चालेल ते एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा संस्था, ठरवते. जिथे मर्यादा ठरवलेलीच नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. मसाल्यांच्या बाबतीत मात्र, ज्या औषधांची भारतात नोंदणीच नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ही मर्यादा दहापट सैल करून ०.१ केली. मला ते आवडलेलं नाही, कारण मसाला आपण रोज खातो.

आता चित्र किती वाईट आहे? केंद्र सरकारच्या देशव्यापी तपासणीत २०१४-१५ साली २०,६१८ नमुने तपासले. १८.७ टक्क्यांमध्ये औषधाचे अंश सापडले, मर्यादेच्या वर होते ५४३, म्हणजे २.६ टक्के. पण १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली औषधं होती, आणि मला खरी चिंता या आकड्याची वाटते. मर्यादा ओलांडणं ही चूक असू शकते. नको ते औषध नको त्या पिकावर मारणं ही सवय असते.

बाजारात: प्रश्न कसा विचारायचा

किनाऱ्यावरची बहुतेक भाजी घाटावरून येते. चिपळूणला कुंभार्ली उतरून, रत्नागिरीला आंबा घाटातून, सावंतवाडीला बेळगाव-कोल्हापूरकडून आंबोली उतरून. ती कोणी पिकवली आणि कधी फवारली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथे विचारण्यात अर्थ नाही, तिथे धुण्यावर भिस्त.

रस्त्याकडेला वाटे लावून बसलेल्या बायकांना मात्र विचारायचं. ‘औषध मारता का?’ असं विचारलंत तर सगळ्या ‘नाय ओ’ म्हणतील. ‘कधी मारलंत?’ असं विचारा. माझ्या नेहमीच्या मावशींनी एकदा वांग्यांवरचा हात काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘ही नको घेऊस बाय, परवाच मारलंय. त्या माठाची जुडी ने. वांगी पुढच्या बाजाराला देते.’ त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे भावात घासाघीस करत नाही.

‘गावठी’ या शब्दाने मात्र फसू नका. गावठी म्हणजे गावात पिकलेलं, बिनऔषधाचं असं नव्हे. तसंच किडकं म्हणजे बिनऔषधाचं हेही अर्धंच खरं आहे. फ्लॉवर-कोबीवरची चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी औषधांना इतकी सरावली आहे की चार फवारण्या खाऊनही ती जिवंत तुमच्या परातीत उतरते.

जास्त सांभाळायची ती भेंडी, वांगी, फ्लॉवर, हिरवी मिरची, कोथिंबीर, बाजारचा कढीपत्ता आणि द्राक्षं. भेंडी एका दिवसाआड तोडावी लागते, मग थांबायचे ३ दिवस कुठून आणणार? वांग्यात शेंडे आणि फळं पोखरणारी अळी असते, ती एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी आधीच पुन्हा पुन्हा मारत राहतो. मोनोक्रोटोफॉस नावाचं कीडनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ साली बंदी आली.

निर्धास्त खावं असं आपल्याकडे पुष्कळ आहे. फणसाची कुयरी, केळफूल, सुरण, करांदे, शेवग्याच्या शेंगा, परड्यातला अळू, नारळ, कोकम. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी. पण रानभाजीला हल्ली एक नवी मेख आहे. बागेतलं गवत काढायला माणूस मिळत नाही, म्हणून बागायतदार तणनाशक मारतात, रस्त्याच्या कडेलाही मारतात, आणि टाकळा नेमका अशाच जागी तरारतो. ज्या बांधावर गवताचा एखादा पट्टा पिवळा पडून करपल्यासारखा दिसतो, तिथली भाजी खुडू नका. शेजारचा टाकळा कितीही हिरवागार असला तरी.

नळाखाली: क्रम महत्त्वाचा

आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकलेली भाजी वरचं औषध आत ओढते आणि आतलं सत्त्व बाहेर सोडते. देठही धुण्याआधी काढू नका. मिरचीचा देठ काढून ती पाण्यात बुडवलीत तर पाणी सरळ पोटात शिरतं. द्राक्षांचं तसंच. घड तसाच धुवा, मग मणी सोडवा.

वाहत्या पाण्याखाली किमान अर्धा मिनिट, आणि हाताने चोळून. औषध निघतं ते मुख्यतः चोळण्याने. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने हे करून पाहिलं होतं. नळाच्या पाण्याने १२ पैकी ९ औषधांचे अंश घटले आणि भाज्या धुवायची विकतची द्रावणं साध्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. त्यामुळे त्या महागड्या बाटल्यांवर मी पैसे घालत नाही. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर तर मुळीच नको. तो फेस भाजीत मुरतो.

याच्यापुढे जायचं असेल तर घरातल्याच तीन गोष्टी आहेत.

खाण्याचा सोडा गुळगुळीत सालीच्या फळांना. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांना दोन औषधं लावून हा प्रयोग झाला. लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचे दोन चमचे सोडा. १२ ते १५ मिनिटांत पृष्ठभागावरची दोन्ही औषधं बव्हंशी गेली. एका औषधाचा पाचवा हिस्सा मात्र सालीत मुरला होता, तो राहिलाच. सफरचंद, पेरू, टोमॅटो, काकडी, सालासकट खायची कैरी यांना मी हेच करते. पालेभाजीला सोडा नको, पानं गळपटतात.

मीठ फ्लॉवरला आणि बाकी फळभाज्यांना. लिटरला २० ग्रॅम, साधारण तीन सपाट चमचे. फ्लॉवरचे तुरे सुटे करून, डोकी खाली करून कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. अळ्याही वर येतात.

चिंच कढीपत्त्याला. केरळ कृषी विद्यापीठाने सुचवलेली रीत आहे: लिटरला २० ग्रॅम चिंच कोळून त्या पाण्यात १५ मिनिटं. खरं तर कोकणात कढीपत्ता विकत घ्यावाच का लागतो, हा माझा प्रश्न आहे. एक रोप लावा, दोन वर्षांत शेजाऱ्यांनाही पुरतो.

काहीही वापरलंत तरी शेवटी स्वच्छ पाण्याने धुणं चुकवू नका.

कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका आणि ती गुरांपुढेही टाकू नका. दुधाच्या वाटेने ती परत तुमच्याकडेच यायची. पालेभाजीची जुडी सोडून, मुळांकडचा भाग कापून, दोन-तीन पाण्यांतून काढा. प्रत्येक वेळी पाण्यातून भाजी उचलायची, भांडं तिरपं करून पाणी ओतायचं नाही, नाहीतर खाली बसलेला गाळ पुन्हा भाजीवर येतो.

विड्याचं पान विसरू नका. आपल्या आगरात पानवेल नि मिरवेल सुपारीवरच चढवलेल्या असतात. पावसाळ्यात कोळेरोगासाठी सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, त्याचे निळसर ओघळ खालच्या पानांवर येतात. पान आपण कच्चंच चावतो. दोन्ही बाजूंनी धुऊन, फडक्याने पुसून मगच चुना लावा.

आणि काजूचे बोंडू. मुलं झाडाखाली उभी राहून पिळून चोखतात, तिखट-मीठ लावून खातात. काजूवर ढेकण्या या किडीसाठी पालवीला, मोहोराला आणि फळं धरताना फवारणी होते. आतली बी टरफलाच्या चिलखतात असते, बोंडूला तसं काहीच नसतं. स्वतःच्या बागेतला असेल तर फवारणीची तारीख आठवा. दुसऱ्याच्या बागेतला असेल तर धुतल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

चुलीवर

शिजवल्याने काही औषधं उडतात, काही मोडतात. झाकण न ठेवता पहिली वाफ जाऊ द्यावी, भाजी उकळून घेतली तर ते पाणी टाकावं. पण शिजवण्याच्या भरवशावर धुणं टाळू नये, आणि त्याला ठोस कारण आहे. मॅन्कोझेबला उष्णता लागली की त्यातून इथिलीनथायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो, तो मूळ औषधापेक्षा त्रासदायक. टोमॅटोच्या देठाजवळच्या खळग्यात पांढरट-पिवळसर पूड दिसते ना, ती बऱ्याचदा असल्याच औषधाची असते. सार उकळायच्या आधी तो खळगा अंगठ्याने चोळून धुवा.

साल काढणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. दुधी, काकडी, दोडकी यांची साल काढली की वरचा प्रश्न संपतो. दोडक्याच्या सालीची चटणी करायची असेल तर मात्र परड्यातला दोडका हवा.

आंबा

आता घरचं बोलते. हापूसवर फवारण्या सुरू होतात पालवी-मोहोराच्या वेळी, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, मग इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम. भुरी या बुरशीसाठी गंधक नाहीतर हेक्झाकोनॅझोल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, आणि ते पाळलं तर काढणीपर्यंत भरपूर दिवस जातात, कारण फळधारणेपासून आंबा उतरायला साडेतीन-चार महिने लागतात. गोची होते ती मळभ येतं तेव्हा, अवकाळी पडतो तेव्हा, फुलकिडे हटत नाहीत तेव्हा. मग वेळापत्रकाबाहेरच्या फवारण्या होतात, आणि त्या फळाच्या जवळ सरकतात. आमच्याकडेही झाल्या आहेत. त्या वर्षी त्या बाजूची कलमं आम्ही शेवटी उतरवली.

पेटी घेताना बागायतदाराला एवढंच विचारा: शेवटची फवारणी कोणत्या महिन्यात, आणि फळाला पिशवी घातली होती का? अंड्याएवढं फळ असताना कागदी पिशवी चढवली की पुढे त्या फळाला ना फळमाशी लागत ना औषध. फळमाशीला विद्यापीठाचाच ‘रक्षक’ सापळा आहे. हेक्टरी चार सापळे टांगले की नर माश्या आत जाऊन मरतात, फळावर थेंबही पडत नाही. जो बागायतदार सापळा दाखवतो त्याच्याकडून मी बिनदिक्कत घेईन.

जाता जाता एक गैरसमज. २०१४ साली युरोपने आपला आंबा थांबवला तेव्हा ‘औषधामुळे परत पाठवला’ अशी बोलवा झाली. कारण फळमाशी होतं.

घरी आणलेला आंबा खाण्याआधी अर्धा तास पाण्यात टाकायची आपली जुनी रीत उत्तम आहे. देठाकडचा चीक, धूळ, वर बसलेलं औषध पुष्कळसं सुटतं. ते पाणी फेका, फळ चोळून धुवा, पुसा, मग कापा. कापून, साल फेकून खाणाऱ्याला धोका कमीच. रायवळ आंबा आपण तोंडाला लावून सालीसकट चोखतो, तिथे हे धुणं दुप्पट काळजीने. रायवळवर कोणी फारसं फवारत नाही हे खरं, पण तो कलमांच्या मधोमध उभा असेल तर वारा विचारून वाहत नाही.

लोणच्याची कैरी सालासकट जाते. तिला सोड्याचं पाणी १५ मिनिटं, मग दोनदा साधं पाणी, मग कोरड्या पंचावर रात्रभर पंख्याखाली. ओल राहिली तर औषधापेक्षा बुरशी आधी गाठेल.

कार्बाइडचा आंबा हा वेगळा प्रश्न, पण याच पेटीतून येतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला २०११ च्या नियमांनी बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे, तो फळ स्वतःही सोडतं, त्याला भिऊ नका. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, वास नाही, कापला की बाठ्याजवळ पांढरट आणि आंबट: असा आंबा संशयास्पद. पेटीत कार्बाइडच्या पुड्या सापडल्या तर पेटी परत करा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नंबरवर कळवा. सगळ्यांत सोपं म्हणजे तयार पण कडक आंबा घेऊन भाताच्या पेंढ्यात आढी लावा. आठ-दहा दिवसांनी घर स्वतःच सांगतं.

डबे आणि पिंपं

तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की लोकांना ते मीठ-मसाल्यासारखं वाटतं. ते कीडनाशक आहे. चोळलेलाच तांदूळ असेल तर रोवळीत तीन-चार पाण्यांनी धुवा आणि पहिलं धुवण गुरांना देऊ नका. पेज करायची असेल तर असा तांदूळ टाळाच, कारण पेजेत पाणी आपण पितो. तूरडाळीला एरंडेल, कडधान्याला चाळलेली राख, वालांना कडक ऊन, हे आजही चालतं. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या घरात नकोत.

गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कोणी फुकट दिल्या तरी घरात आणू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. पोत्यात या गोळ्यांची करडी पूड दिसली तर धान्य अंगणात पसरून वारा द्या, चाळा, मग भरा.

वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या दमट फडक्याने पुसून, दोन-तीन कडक उन्हं दाखवून, देठ काढून मगच गिरणीत द्या.

आणि ओट्याकडे बघा. मुंग्यांच्या खडूची रेघ साखरेच्या डब्याभोवती, झुरळांचा स्प्रे भांड्यांच्या मांडणीवर. घाटावरच्या शेतकऱ्याला नावं ठेवता ठेवता तीच डेल्टामेथ्रीनच्या घराण्यातली औषधं आपण पोळपाटाशेजारी पसरत असतो. डबा पाण्याच्या परातीत ठेवला तर मुंगी येत नाही.

परड्यात स्वतः फवारत असाल तर

डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. परड्याला लाल आणि पिवळा आणूच नये असं माझं मत. बहुतेक वेळा ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेली. पडवळ-दोडक्याच्या फळमाशीला क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा लावा.

औषधाचं माप वेगळं ठेवा. आमच्याकडे एकदा भाऊजींनी घाईत स्वयंपाकघरातली तेलाची पळी नेली, औषध मोजलं, खळखळून धुतली आणि परत अडकवली. सासूबाईंना वासावरून कळलं. पळी भंगारात गेली आणि तेव्हापासून औषधाचं माप गोठ्याच्या वळचणीला, लाल रंग लावून, उंच खिळ्याला असतं.

त्याच सासूबाईंची दुसरी रीत. ज्या वेलाला औषध मारलं त्याला लाल चिंधी बांधायची, आणि पत्रिकेत लिहिलेले दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजून मगच ती सोडायची. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड टांगतो, त्याच्याच शेजारी ती चिंधी वाऱ्यावर हलत असते. ती सुटेपर्यंत पडवळ कितीही लांबलं, जून झालं, तरी ते तोडायला कोणी विळी हातात घेत नाही.